दात काढल्यानंतर जबड्याचे हाड राखणे : अस्थिरोपणाविषयी थोडेसे

जमाखर्च, रुग्णसंख्या व देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखाद्या उपचाराची माहिती सुबोध भाषेत द्यावी, असा या अहवालाचा प्रघात आहे. यंदा दंतविभागातील एका उपचाराची निवड करण्यामागे कारण आहे. दात काढण्यासारख्या नेहमीच्या कामात 'हाड भरणे' हा वेगळा खर्च कशासाठी, असे सन्माननीय देणगीदार व विश्वस्त आम्हांस विचारतात. रुग्णांच्या नातेवाइकांचा प्रश्न याहून थेट असतो. दुखणारा दात गेला, आता आणखी काय उरले? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर हिरडीखाली दडलेले असल्याने ते डोळ्यांना दिसत नाही.

दातामागोमाग हाडही जाते

आपला शिरोळ तालुका उसाचा. सरी आणि वरंबा हे शब्द येथे कुणास समजावून सांगावे लागत नाहीत. वरच्या व खालच्या जबड्याच्या ज्या उंचवट्यात दात रुतलेले असतात, त्यास या लेखात आम्ही वरंबाच म्हणणार आहोत. शेतकरी वरंबा आधी घालतो. जबड्यात मात्र क्रम उलटा असतो. तेथे दात उगवतो म्हणून वरंबा घडतो, आणि दात आहे तोवरच तो टिकतो. ज्या मुलांच्या जबड्यात काही दातांचे कोंबच जन्मतः नसतात, त्यांच्या त्या जागी वरंबा नीट तयारच होत नाही. यावरून हे हाड दाताच्या किती अधीन आहे, ते ध्यानात यावे.

दाताचे मूळ हाडात खिळ्याप्रमाणे ठोकलेले नसते. मूळ आणि खोबण यांच्यामध्ये असंख्य सूक्ष्म तंतू असतात आणि दात त्यांवर जणू झुल्यासारखा टांगलेला असतो. घास चावताना येणारा ताण हे तंतू खोबणीच्या आतल्या पातळ अस्तराला पोहोचवतात. तंतूंच्या जुड्या ज्यात रुतलेल्या असतात असे हे अस्तराचे हाड दाताच्या चाकरीसाठीच असते. दात निघाला की चाकरी संपते आणि शरीर ते हाड मोडीत काढते. वरच्या पुढच्या दातांची ओठाकडील भिंत बहुतेक माणसांत १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. म्हणजे तिचा मोठा भाग या अस्तराचाच असतो. त्यामुळे दात काढल्यावर सर्वांत आधी तीच कोसळते. नदीकाठची दरड धरून ठेवणारे झाड उपटले की पुढच्या पाण्यात दरड खचते, तसाच हा प्रकार होय.

दात काढल्यावर खोबणीत रक्त साकळते. आठवड्याभरात त्या गाठीच्या जागी नवे मांस भरू लागते, दीड-दोन महिन्यांत त्यात कच्चे हाड दिसू लागते आणि त्याचे पक्क्या हाडात रूपांतर होण्यास पुढे कित्येक महिने लागतात. खड्डा भरतो, ही गोष्ट खरी. परंतु आत भराव पडत असतानाच बाहेरच्या भिंती ढासळत असतात, म्हणून भरलेला वरंबा पूर्वीपेक्षा अरुंद व बुटका होतो. डेन्मार्कमध्ये ४६ रुग्णांच्या दाढा व उपदाढा काढल्यानंतर वर्षभर मोजमापे घेण्यात आली. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. बारा महिन्यांत वरंब्याची रुंदी सरासरी निम्म्याने घटली, आणि त्या घटीपैकी सुमारे दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. रुग्ण 'जखम पूर्ण भरली की येतो' असे सांगून जातो, तेव्हा बहुतांश नुकसान याच काळात होऊन गेलेले असते.

एक दात गेला तर हा प्रश्न दिसण्याचा, ब्रिजखाली अन्न अडकण्याचा किंवा इम्प्लांटला हाड अपुरे पडण्याचा असतो. सारे दात गेले की तो जेवणाचा होतो. संपूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेला तालग्रेन यांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. खालच्या जबड्याच्या पुढील भागाची उंची वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट वेगाने कमी होते, असे त्यातून दिसून आले. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालचीला वरंब्यावाचून दुसरा आधार नसतो. घरोघरी वृद्ध मंडळी खालची कवळी डबीत ठेवतात आणि भाकरी आमटीत कुस्करून खातात, त्यात कवळी करणाऱ्याचा दोष असतोच असे नाही. अनेकदा ती ज्यावर बसावी तो वरंबाच नाहीसा झालेला असतो. दाणे, काकडी, कडक भाकरी ताटातून गेली की आहार बदलतो. आहार बदलला की चार माणसांच्या पंगतीत बसणेही हळूहळू टाळले जाते.

खोबण भरणे म्हणजे काय

यावरचा उपाय ऐकण्यास सोपा आहे. दात काढल्या काढल्याच, त्याच भुलीत, रिकामी खोबण हाडाच्या बारीक दाण्यांनी भरावयाची. हे दाणे रव्यासारखे, साधारण पाव ते एक मिलिमीटर आकाराचे असतात. नवे हाड चढण्यासाठी ते मांडवाचे काम करतात. वेल मांडवावर चढावी त्याप्रमाणे रक्तवाहिन्या आणि हाडाच्या पेशी दाण्यांमधून वाट काढतात. दाणे ठासून भरले तर रक्ताला आत शिरण्यास जागाच उरत नाही, म्हणून हात हलका ठेवावा लागतो. वरून कोलॅजेनचा पातळ पडदा घालून टाके घेतले जातात. हिरडी हाडापेक्षा वेगाने वाढते, आणि पडदा नसेल तर ती खोबणीत उतरून हाडाची जागा अडवते.

या कामाचा खरा कस दाणे भरताना लागत नाही, तो त्याआधी दात काढताना लागतो. दात उपसून काढताना ओठाकडील पातळ भिंत तुटली, तर महागातले महाग दाणेही मर्यादितच उपयोगाचे ठरतात. त्यामुळे अशा वेळी दात सावकाश सैल करावा लागतो, दाढ असेल तर तिची मुळे वेगळी करून एकेक काढावी लागतात. 'दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास का?' असे बाहेर बसलेले नातेवाईक विचारतात, त्याचे हे उत्तर आहे.

त्यानंतर साधारण चार ते सहा महिने थांबावे लागते. मगच इम्प्लांट बसवता येतो. टायटॅनियम धातूला हाड घट्ट धरून राहते, या शोधाच्या आधारे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. वरंबा राखण्याच्या प्रश्नाला आज जे महत्त्व आले आहे, ते बव्हंशी त्या शोधामुळेच. स्क्रू रोवण्यास जागा हवी, तर हाड हवे.

दाणे कशाचे?

हा प्रश्न रुग्ण क्वचितच विचारतात, आणि आमच्या मते तोच सर्वांत आधी विचारला जावा.

सर्वांत उत्तम हाड स्वतःचे. हनुवटीतून किंवा शेवटच्या दाढेच्या मागून ते काढता येते. परंतु त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, आणि एका खोबणीसाठी ती करणे आम्हांस सहसा योग्य वाटत नाही. दुसरा मार्ग कारखान्यात तयार होणाऱ्या पदार्थांचा. हायड्रॉक्सिअॅपटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि विशिष्ट प्रकारची काच हे त्यांतले प्रमुख. हा विचार नवा नाही. जर्मनीतील ड्रेसमान या शल्यवैद्याने १८९२ साली हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद आहे. गणेशोत्सवाच्या मूर्तींमुळे आपणां सर्वांस परिचित असलेलाच तो पदार्थ होय.

तिसरा प्रकार प्राण्यांच्या हाडांचा. जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दाण्यांपैकी काही गोवंशाच्या हाडांपासून तयार होतात. उष्णता व रसायने यांच्या साहाय्याने त्यांतील सर्व सजीव अंश काढून टाकलेला असतो आणि केवळ खनिजाचा सांगाडा उरतो. हे दाणे फार सावकाश विरतात आणि वर्षानुवर्षे जागेवर राहतात, त्यामुळे वरंब्याची रुंदी राखण्यात त्यांचा लौकिक चांगला आहे. वरून घालावयाचा कोलॅजेनचा पडदाही गाय, डुक्कर किंवा मासा यांपैकी कशापासून तरी बनलेला असतो. वैद्यकीयदृष्ट्या यात काहीही वावगे नाही. परंतु आपण नृसिंहवाडीत आहोत. येथे घरोघरीच्या तसबिरीत दत्तप्रभूंच्या मागे गाय उभी असते. तालुक्यात जैन समाज मोठा आहे, मुस्लिम कुटुंबे आहेत. आपल्या जबड्यात काय घातले हे रुग्णास वर्षभराने दुसऱ्याकडून कळावे, हे आम्हांस मान्य नाही. कुपीवर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असते एवढ्याने सांगण्याचे कर्तव्य पार पडत नाही. संमतिपत्रात दाण्यांचे आणि पडद्याचे मूळ स्पष्ट मराठीत लिहिलेले असावे. पौर्णिमेला व गुरुवारी दर्शनास येता येता दात दाखवून जाणारे अनेक भाविक कर्नाटकातून येतात, त्यांच्यासाठी ते कन्नडमध्येही असावे. कुणी 'प्राण्याचे नको' म्हटले तर त्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही, कारण पर्याय उपलब्ध आहेत.

चौथा प्रकार मानवी हाडाचा, आणि देणगीदारांच्या या अहवालात त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊतिपेढी सुरू झाली. दात्याच्या कुटुंबाच्या संमतीने मिळालेली हाडे, तसेच प्रसूतीनंतर मातांनी दिलेल्या वारेवरील पातळ पडदा अशा ऊती तेथे स्वीकारल्या जातात. पडद्याचा उपयोग भाजलेल्या व चिघळलेल्या जखमा झाकण्यासाठी होतो. हाड मात्र प्रदीर्घ प्रक्रियेतून जाते. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ इत्यादींसाठी तपासणी होते. हाड धुऊन त्यातील चरबी व पेशी काढल्या जातात, काही हाडांतील खनिज आम्लाने उतरवले जाते, मग ते गोठवून कोरडे केले जाते आणि अखेरीस गॅमा किरणांनी निर्जंतुक होते. वैद्यकीय वस्तू या किरणांनी निर्जंतुक करणारे आयसोमेड केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रॉम्बे येथे १९७४ साली सुरू केले. अणुशक्तीचा हा सौम्य उपयोग फारसा कुणाच्या ध्यानात नसतो. अशा तऱ्हेने तयार झालेली हाडाची पूड साध्या तापमानात टिकते, त्यामुळे शीतपेटीवाचून ती खेड्यापर्यंत पोहोचू शकते. देशभरच्या दंतवैद्यांनी टाटा रुग्णालयाच्या या पुडीचा उपयोग केला आहे.

खनिज उतरवण्यामागे तर्क आहे. खनिज काढून घेतलेले हाड स्नायूत ठेवले तरी तेथे नवे हाड तयार होते, हे कॅलिफोर्नियातील मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवून दिले. हाडात दडलेली काही प्रथिने शरीरातील पेशींना हाड बनवण्याची आज्ञा देतात, हे त्यातून पुढे आले. निर्जीव हाड असे बोलते, हे वाचून दधीची ऋषींची आठवण न होणारा मराठी वाचक विरळा. फरक इतकाच की दधीचींना हाडे कुणाच्या कामी येणार हे ठाऊक होते. येथे दात्याच्या घरच्यांना शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या शिक्षिकेच्या पुढच्या दातामागे आपल्या माणसाचे हाड आहे, हे कधीच कळत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाल्याने अशा दानास कायद्याची चौकट लाभली आहे. नेत्रदानाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. अस्थिदानाची कल्पना अजून घरांत पोहोचलेली नाही. अस्थी म्हटले की आपल्या मनात संगमावरील विसर्जनच येते.

याखेरीज रुग्णाच्याच रक्ताचा एक उपाय आहे. हातातून थोडे रक्त घेऊन ते यंत्रात फिरवले की मऊ, पिवळसर जाळीची गुठळी तयार होते. फ्रान्समध्ये २००१ च्या सुमारास प्रचारात आलेली ही पद्धत स्वस्त आहे आणि तिला कुणाच्याही श्रद्धेचा अडसर नाही. हिरडी लवकर भरणे व वेदना कमी होणे यांसाठी ती उपयुक्त ठरते. हाडाची रुंदी राखण्याविषयीचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत, तेव्हा तिला अस्थिरोपणाचा पूर्ण पर्याय म्हणणे आम्हांस धाडसाचे वाटते.

किती लाभ, कोणास?

येथवर वाचून प्रत्येक काढलेल्या दाताच्या जागी दाणे भरलेच पाहिजेत असा समज कुणाचा झाला असेल, तर तो दूर करणे आमचे काम आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२१ साली जगभरातील चाचण्यांचा आढावा घेतला. नुसता दात काढण्याच्या तुलनेत खोबण भरल्याने रुंदीतील घट सरासरी सुमारे १.२ मिलिमीटरने आणि उंचीतील घट सुमारे १.३ मिलिमीटरने कमी झाली. झीज पूर्णपणे थांबत नाही, ती कमी होते. त्यातही उपलब्ध पुरावा फारसा बळकट नाही, आणि पुढे इम्प्लांटच्या वेळी आणखी हाड घालण्याची गरज यामुळे टळते असेही ठामपणे दाखवता आलेले नाही, असे त्या आढाव्याने नमूद केले आहे.

मिलिमीटरभराचा हा हिशेब जागेनुसार बदलतो. वरच्या पटाशीच्या दातांजवळ जेथे भिंतच मिलिमीटरची, तेथे तो निर्णायक ठरतो. मोटारसायकलच्या अपघातात पुढचा दात गमावलेल्या तरुणासाठी, किंवा जेथे पुढे इम्प्लांट निश्चित ठरलेला आहे अशा रुग्णासाठी, हा खर्च सार्थकी लागतो असे आमचे मत आहे. अक्कलदाढ काढली, तर तेथे दाणे भरणे बहुधा व्यर्थ. जेथे पुढे दात बसवावयाचाच नाही तेथेही तसेच. काही रुग्णांत दात काढताक्षणीच इम्प्लांट बसवता येतो. पू झालेल्या खोबणीत आधी संसर्ग आवरावा लागतो. दाण्यांची एक लहान कुपी आणि पडदा मिळून खर्च काही हजारांवर जातो. त्याच रकमेत गरजू रुग्णांच्या किती दातांचे रूट कॅनाल होऊन ते दात वाचतील, हा विचार धर्मादाय निधी हाताळताना करावाच लागतो.

आणि येथे एक जुना, काहीसा विस्मृतीत गेलेला उपाय सांगावासा वाटतो. सर्व दात काढून कवळी बसवण्याची वेळ येते, तेव्हा खालच्या जबड्यातील दोन सुळे बहुधा शेवटपर्यंत तग धरून असतात. 'काढायचेच तर सगळे काढा' असा आग्रह घरचे धरतात. त्याऐवजी सुळ्यांचे रूट कॅनाल करून ते हिरडीलगत कापावेत, मुळे हाडातच ठेवावीत आणि त्यांवर कवळी बसवावी. मूळ आहे तोवर तंतू आहेत, तंतू आहेत तोवर वरंबा आहे. अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, असे सुळे राखलेल्या रुग्णांत खालच्या जबड्याच्या पुढील भागाची उंची सरासरी ०.६ मिलिमीटर घटली. सर्व दात काढलेल्यांत ती ५.२ मिलिमीटर घटली होती. एवढे अंतर कोणत्याही दाण्यांनी साधलेले आमच्या वाचनात नाही. मुळे स्वच्छ ठेवावी लागतात ही त्याची अट. निधी मर्यादित असताना वृद्धांसाठी प्रथम याचा विचार व्हावा, असे आम्ही विश्वस्त मंडळास आवर्जून सुचवितो.

घरच्या मंडळींसाठी

हा निर्णय दात काढण्यापूर्वी व्हावा लागतो. तेव्हा दात काढण्याचे ठरताच 'पुढे या जागी काय बसवायचे?' हे विचारून घ्यावे. रुग्णाची सर्व औषधे बरोबर आणावीत. मधुमेह असल्यास साखरेची अलीकडील तपासणी हवी. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी गोळी वा इंजेक्शन चालू असेल, अथवा पूर्वी घेतलेले असेल, तर ते न चुकता सांगावे. अशा काही औषधांनंतर दात काढल्यास जबड्याचे हाड उघडे पडून मृत होण्याचा धोका असतो, हे २००३ पासून वैद्यकास ज्ञात आहे. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

तंबाखूविषयी लिहिणे भाग आहे. निपाणीचा तंबाखू आपल्या शेजारचा, आणि मिसरी आजही अनेक घरांत सकाळची सोबतीण आहे. 'मी तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते' असे वयस्क स्त्रिया अगदी निरागसपणे सांगतात. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तंबाखू व विडी यांमुळे हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो आणि भरलेले हाड धरत नाही. निदान टाके निघेपर्यंत ती बंद न ठेवणाऱ्याच्या खोबणीत महागडे दाणे भरण्याचा सल्ला आम्ही देत नाही.

पहिल्या दिवशी चूळ जोरात भरू नये, थुंकू नये. नळीने पेय ओढू नये, त्याने साकळलेले रक्त निघून येते. आहार मऊ व थंड असावा. वाडीत राहणाऱ्यांना बासुंदीची मुभा आहे, मधुमेहींना अर्थातच नाही. कवठाची बर्फी आणि पेढे मात्र दातांना चिकटतात, ते टाके निघाल्यावर. दोन-चार दाणे तोंडात आल्यास घाबरू नये, वरवरचे थोडे सुटतातच. ताप, वाढती सूज किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलेला ठणका असल्यास मात्र वाट पाहू नये.

टाके सात ते दहा दिवसांनी निघतात. कृष्णा-पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांस पावसाळ्यात ही तारीख पाळणे नेहमीच शक्य होत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तालुक्यातील गावांचे रस्ते दिवसेंदिवस बंद होते. म्हणून तातडी नसलेले अस्थिरोपण जुलै-ऑगस्टमध्ये ठरवू नये, आणि करावेच लागले तर विरघळणारे टाके मागून घ्यावेत. साधे टाके असतील आणि पाणी चढले, तर ते चार दिवस अधिक राहिल्याने बिघडत नाही. ते घरी कात्रीने कापू नयेत, कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरत राहावे, आणि रस्ता खुला होताच यावे.